डाव्या सीटवरचा हात

माझ्याच गाडीनं मला परकी ठरवलं, तेव्हा मी तिच्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

माझे मालक, सर्जेराव, जाऊन पंधरवडा होत आला होता. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, घरातलं तेल-साखर संपलं, म्हणून मी जीप काढून पाटणच्या बाजाराला निघाले. मागच्या सीटवर शेजारची आनसाबाई. पुढं बस म्हटलं तर म्हणाली, "सर्जाच्या जागंवर? नगं बाई." तांबडखिंड ओलांडून उतार लागला. मी गियर बदलला, खर्रकन आवाज झाला, आणि स्टिअरिंगखालच्या डबीवर पिवळा दिवा लागला.

"चालकाची ओळख पटत नाही," डबी म्हणाली. "वाहन सुरक्षित वेगात नेत आहे."

वेगाचा काटा विसावर येऊन बसला. काही केल्या पुढं जाईना.

"वळख पटत न्हाई म्हंजी?" आनसाबाई पुढं वाकली. "मग हे कोन चालवतंय? मी?"

"गप बस गं."

"न्हाई, तिला इचार की. इतकी वर्सं तुझ्या बुडाखाली हाय ती."

नवा नियम आल्यापासून प्रत्येक गाडीत ही डबी बसवावी लागते. तिच्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. ओळखीचा माणूस जसा लांबून चालीवरून कळतो, तसा तो गाडी चालवण्यावरूनही कळतो. कोणी क्लच हळू सोडतो, कोणी एकदम. कोणी वळण यायच्या आधी स्टिअरिंग किंचित उलट नेतो. क्लच दाबल्यापासून गियर पडेपर्यंत प्रत्येकाचा वेगळा वेळ जातो. इंजिनावर, पेडलखाली आणि गियरच्या दांड्याशी बारीक चकत्या बसवलेल्या असतात, त्या ही सगळी थरथर टिपतात. काही महिने टिपल्यावर डबीत त्या चालकाचा ठसा तयार होतो. मग रोजचं चालवणं ती त्या ठशाशी ताडून बघते. गाडी चोरानं पळवली, कोणी दारू पिऊन बसलं, एकाच्या लायसनवर दुसराच चालवायला लागला, की ठसा जुळत नाही आणि गाडी मंदावते. त्याच थरथरीतून गाडीचं दुखणंही कळतं. क्लचप्लेट झिजली किंवा बेअरिंग वाजायला लागलं, तर गाडी बंद पडायच्या आधी डबी सांगते. आमच्या खालच्या वाडीतल्या दूधवाल्या विठोबाच्या हाताला कंप सुटणार, हे डॉक्टरच्या आधी डबीनंच सांगितलं. त्याला औषध वेळेवर मिळालं. त्यामुळं मी डबीला नावं ठेवत नाही. ती आमच्याकडून जे शिकली ते खरंच होतं. फक्त ते एका माणसाचं नव्हतं.

सर्जेराव पूर्वी ट्रकवर होते. दगडाच्या खाणीत माल भरताना कपची उडाली, एक डोळा गेला आणि डोळ्याबरोबर लायसनही गेलं. जीप दारात उभी, आणि वाडीला एसटी नाही. मग त्यांनी मला शिकवायचं ठरवलं. मी तेव्हा अंगठा उठवत होते. लायसनला पाट्या वाचता आल्या पाहिजेत म्हणून बायकांच्या साक्षरता वर्गाला बसले, अक्षरं गिरवली, आणि लायसन मिळवलं. परीक्षेच्या मैदानावर पहिला-दुसरा गियर पुरला. पण शिकवताना सर्जेरावांचा उजवा हात गियरवर असायचा, तो पुढं कायम तिथंच राहिला.

"रस्ता तुझा, गियर माझा," म्हणायचे.

मी क्लच दाबायची, ते डाव्या सीटवरून गियर टाकायचे. रस्त्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. उरलेला डोळा मिटून इंजिन ऐकत बसायचे.

"टाका की तिसरा," मी म्हणायची.

"गाडीला बोलू दे की आधी."

"ती बोलंस्तवर बाजार उठंल."

हातावर चापट मारली की हसत हसत टाकायचे.

डबी बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "नेहमी चालवता तसंच चालवा." आम्ही तसंच चालवलं. दोघांनी मिळून.

---

रूपाली, माझी लेक, पुण्याहून आली आणि मला मोटार वाहन कार्यालयात घेऊन गेली. तिथल्या निरीक्षक केतकी वाळिंबे वयानं रूपालीएवढ्याच. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. त्यावर एक निळी रेघ होती आणि एक तांबडी.

"हे बघा आजी..."

"आजी नका म्हणू. नाव लिहिलंय की तुमच्या पडद्यावर."

वाळिंबे जरा हसल्या. "बरं, शालनबाई. निळी रेघ म्हणजे पाय आणि स्टिअरिंग. तांबडी म्हणजे गियर. दोन्ही एकाच माणसाच्या असल्या की एकीमागून दुसरी ठरलेल्या अंतरानं जाते. तुमच्या ठशात तसं नाही. तांबडी मधेच थांबून राहते. जशी काही निळीशी वाद घालतेय."

"घालायचेच."

"कोण?"

मी सगळं सांगितलं. रूपालीनं कपाळाला हात लावला. "आई, हे इथं सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

वाळिंबेंनी पडद्यावर नियम उघडला. मग म्हणाल्या, "एका लायसनवर दोन हात, हे नियमात बसत नाही. बरं, नवा ठसा घ्यावा, तर पासष्टीनंतर ठसा बदलता येत नाही. हात बदलला म्हणजे प्रकृती बिघडली असं धरतात. पुढची तपासणी होईपर्यंत गाडी विसाच्या वेगानं चालेल. तपासणीत बंद करतील."

"कायमची?"

"तुमच्यापुरती, हो."

दवाखाना, बाजार, गिरण, गॅसची टाकी, आमचं सगळं घाटाच्या खाली. गाडी बंद म्हणजे वाडीवरचं राहणं बंद. रूपाली बाहेर येऊन म्हणाली, "मग प्रश्नच मिटला. पुण्याला चल. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, तुझ्या वयाच्या बायका आहेत."

"त्या बायका काय करतात?"

"बसतात, बोलतात."

"मी वाडीवरबी बसून बोलतेच की. जाऊन-येऊन बोलते एवढंच."

पण रूपाली हुशार आहे, आणि माझ्या वाइटावर तर मुळीच नाही. ती पुन्हा आत गेली आणि वाळिंबेंना विचारून आली. एक मार्ग होता. त्याला जोडहात म्हणतात.

जोडहात मुळात आजाऱ्यांसाठी निघाला. अर्धांगाचा झटका येऊन माणूस उठला, पण त्याचा हात पूर्वीसारखा चालेना, तर गियरच्या दांड्याला एक छोटी मोटार आणि दोन कांड्यांचा धातूचा हात जोडतात. डबीतल्या जुन्या ठशावरून तो हात त्या माणसासारखाच गियर टाकतो. आजारपणाआधीचा त्याचा स्वतःचा हात त्याला परत मिळतो. ठसा तंतोतंत जुळतो, म्हणून कायद्याचीही हरकत नसते.

माझ्या डबीत जो हात होता तो सर्जेरावांचा होता.

---

जोडहात बसवल्यावर आम्ही तिघी पहिल्यांदा घाटात गेलो. आनसाबाई आणि रूपाली मागं, डावी सीट रिकामी. मी क्लच दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग इंजिनाचा आवाज जरा खाली बसला, आणि दांडा आपसूक दुसऱ्यात गेला, अलगद, चमच्यानं दही काढावं तसा. तीच वाट बघण्याची पद्धत. चढाला पहिल्यात टाकायच्या आधी दांडा किंचित हलवून बघायची तीच खोड.

मागं रूपाली रडायला लागली. "बाबा आहेत गं," ती म्हणाली.

आनसाबाईनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं पदराआडून म्हणाली, "सर्जा, इडी वडायची आसंल तर खाली उतरून वड."

तिघीही हसलो. पिवळा दिवा लागला नाही.

ते दिवस मला बरे गेले, हे मी लपवणार नाही. मी एकटी असले की डाव्या सीटशी बोलायची. आज काय आणायचं, कोणाच्या म्हशीला काय झालं, रूपाली काय म्हणाली. खिंडीच्या खालच्या आडव्या वळणावर सर्जेराव कायम दुसरा गियर धरून ठेवायचे, कारण तिथं एकदा त्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर गेला होता. तो हातही तिथं दुसरा धरून ठेवायचा. मला वाटायचं, आठवण जपतोय.

मग एका बाजाराच्या दिवशी त्याच वळणाच्या तोंडाशी मागून खडीचा ट्रक आला. एकसारखा हॉर्न दाबत होता. आरशात बघितलं तेव्हा समजलं, त्याचे ब्रेक धरत नव्हते. वळणाच्या पुढं रुंद जागा होती. जरा जोरात निघून तिथं बाजूला व्हायचं, एवढंच करायचं होतं. मी क्लच दाबला आणि म्हणाले, "टाका तिसरा."

दांडा थांबला, इंजिन ऐकत राहिला आणि दुसऱ्यातच बसून राहिला.

"अहो, टाका तिसरा." मी हातावर चापट मारली. हाताला धातू लागला.

मी क्लच सोडला, होता त्या गियरवर इंजिन बोंबलेपर्यंत पळवलं आणि जीप कशीबशी रुंद जागेत घुसवली. ट्रक माझा आरसा घेऊन पुढं गेला आणि खाली मातीच्या ढिगाला टेकून थांबला. त्याच्या ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. मला तर काहीच झालं नाही. मी तिथंच स्टिअरिंग धरून बसले.

सर्जेरावांनी तिसरा टाकला असता. कुरकुर करत, पण टाकला असता. हा हात त्यांच्या सवयीचा होता, पण माझं ऐकणारा नव्हता. आणि त्या जागी मला आणखी एक गोष्ट उमगली. रस्ता तुझा, गियर माझा, असं ते म्हणायचे, पण गाडीचा वेग सगळा गियरमध्ये होता. म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्यांच्या वेगानं हिंडलो. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण मला भांडता येत होतं आणि ते हरत होते. आता मात्र नियम मला सांगत होता की मरेपर्यंत याच वेगानं जा, आणि भांडू नकोस.

मी घरी आले आणि रूपालीला फोन करून सांगितलं, "तो हात मी काढणार. गियर मी टाकणार."

"आई, तो काढलास की ठसा जुळणार नाही."

"नाही जुळणार. मी माझा ठसा घ्यायला लावणार."

"आणि बाबांचा?"

वाळिंबेंनी सांगितलं होतं, एका गाडीत एकच ठसा राहतो. नवा घेतला की जुना पुसला जातो, आणि नियमानं त्याची नक्कल कुठं ठेवता येत नाही.

"म्हणजे तू त्यांना पुसणार," रूपाली म्हणाली.

"त्यांचा हात आपण त्यांच्याबरोबर स्मशानात नेला, रूपा. हा कोणाचा धरून ठेवलाय आपण?"

तिनं फोन ठेवला. बरेच दिवस बोलली नाही. मग एका रविवारी न सांगता आली आणि म्हणाली, "काढायच्या आधी मला एकदा फिरवून आण." या वेळी ती डाव्या सीटवर बसली. मी क्लच दाबला तेव्हा तिनं आपला तळवा गियरच्या दांड्यावर ठेवला आणि दांडा नेईल तसा जाऊ दिला. खिंडीपर्यंत आणि परत. दारात गाडी उभी केल्यावर तिनंच डिकीतून पाना काढला आणि जोडहाताचे नट सोडवले.

---

दुसऱ्या दिवसापासून मी सड्यावर जायला लागले. आमच्या वाडीच्या वर जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे, तिथं पवनचक्क्या फिरतात आणि गुरं चरतात. डबीनं विसाच्या वर जाऊ द्यायचं नाही ठरवलेलं, पण विसात तिसऱ्यापर्यंत शिकता येतं. आनसाबाई आता पुढं बसायची.

"खर्र," ती म्हणायची.

"ऐकू आलं मला."

"त्या म्हशीलाबी आलं. बघ कशी बघाय लागलीया."

तिसरा हाताला बसला तशी मी वाळिंबेंकडं गेले. नियमाचं पुस्तक त्यांच्याच टेबलावर होतं. "पासष्टीनंतर ठसा बदलता येणार नाही, असं लिहिलंय," मी म्हणाले. "मला बदलायचा नाही. माझा अजून घेतलाच नाही. पहिला घ्या."

त्यांनी ते पान उघडून पुन्हा वाचलं. "मुद्दा आहे. पण मला वर विचारावं लागेल."

"विचारा."

"वेळ लागेल."

"लागू दे. तोवर मी नियमानं चालवते."

नियमानं म्हणजे विसाच्या वेगानं. पिवळा दिवा लावून विसानं जायला कायद्याची मनाई नव्हती. डबी स्वतःच सांगत होती, सुरक्षित वेग म्हणून. आतापर्यंत मी लाजून कडेकडेनं, रस्ता मोकळा असेल तेव्हा जायची. आता ऐन बाजाराच्या गर्दीत, रस्त्याच्या माझ्या बाजूनं, सरळ निघाले. घाट अरुंद, पुढं काढायला जागा नाही. मागं सड्यावर फिरायला आलेल्यांच्या गाड्या, त्यांच्यामागं पवनचक्कीचं जुनं पातं खाली नेणारा लांबलचक ट्रेलर, त्याच्यामागं खडीवाले. हॉर्नचा गोंगाट खिंडीतून पाटणपर्यंत पोचला.

एका वळणावर एक तरुण गाडीतून उतरून पळत माझ्या खिडकीशी आला. "ओ मावशी, चालवता येत नाही तर घरी बसा ना."

आनसाबाई माझ्या अंगावरून वाकून त्याला म्हणाली, "चालवाय येतंय म्हणून तर तू अजून खाली पडला न्हाईस. जा, बस जाऊन."

पुढच्या बाजाराला खिंडीच्या तोंडाशी आणखी काही गाड्या थांबलेल्या दिसल्या. सगळ्यांचे पिवळे दिवे लागलेले. एक कदम मास्तर, खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं स्टिअरिंग जुळत नव्हतं. एक बाळंतीण, पोट असताना सीट मागं घेऊन चालवत होती, तेव्हाचा ठसा आता लागत नव्हता. माझ्यासारखेच सगळे लाजून आडरस्त्यानं जाणारे. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. मी पुढं झाले, ते मागं लागले.

पायथ्याला हवालदार शिट्टी फुंकत उभा होता. "बाजूला घ्या. काय चाललंय हे?"

"सुरक्षित वेग चाललाय," मी म्हणाले. "डबीला विचारा."

डबी बोललीच. सगळ्या गाड्यांतून एकदम बोलली. हवालदारानं शिट्टी खिशात टाकली.

त्याच्या पुढच्या बाजाराला खिंडीत वाळिंबे उभ्या होत्या. सरकारी गाडी बाजूला लावलेली, हातात छोटा पडदा. मी जीप थांबवली. त्या डाव्या दाराशी आल्या.

"वरून काही उत्तर आलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या ठशाला वयाची अट कुठंच नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं."

"मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी एकदाच वाचते."

"हे मी माझ्या सहीनं करतेय. उद्या वरून विचारलं तर मला उत्तर द्यावं लागेल." मग मागच्या रांगेकडं बघून म्हणाल्या, "मागच्यांचं एकेकाचं बघू. आधी तुम्ही. जुना पुसू?"

रूपाली त्या दिवशी आलेली नव्हती. तिला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिनं फक्त विचारलं होतं, चौथा जमतो का? जमत नव्हता. विसात चौथा पडत नाही.

"पुसा," मी म्हणाले.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. पिवळा दिवा विझला, आणि त्या जागी निळा लागला. "ठसा नोंदवत आहे," डबी म्हणाली. आनसाबाई मागं जाऊन बसली, वाळिंबे डाव्या सीटवर. त्यांना बरोबर बसून सगळा घाट बघायचा होता.

मी निघाले. पहिला, दुसरा. वेगाचा काटा विसाच्या पुढं गेला, तसं मी स्टिअरिंग घट्ट धरलं. इतक्या दिवसांत गाडी एवढी जोरात गेली नव्हती. आडवं वळण आलं. समोरून रिकामा ट्रेलर वर चढत होता, अर्ध्याहून जास्त रस्ता अडवून. वाळिंबेंनी श्वास आत ओढला, आणि त्यांचा उजवा हात नकळत गियरच्या दांड्याकडं गेला.

"हात काढा, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

मी दुसऱ्यातच वळणाच्या आत शिरले, ट्रेलरचं शेपूट जाऊ दिलं, क्लच दाबला, तिसरा टाकला आणि रुंद जागा मागं सोडली. खाली पाटणचा सरळ रस्ता दिसायला लागला. गाडी गुणगुणायला लागली. गाडी बोलते म्हणजे काय, ते मला आत्ता ऐकू आलं. वाट न बघता मी क्लच दाबला आणि दांडा मागं ओढला. दात दातांवर खर्रकन घासले, मग दांडा जागेवर बसला. चौथा.

"खर्र झालं गं," आनसाबाई मागून म्हणाली.

"हू दे," मी म्हणाले. "ठशात जाऊ दे."